जांगल देशाचा सिंह व कागदपत्रांतील त्याची साक्ष

फार्सी तवारिखा, बखरी, शिलालेख आणि नाणीं यांतून सिंहाचा उल्लेख वारंवार आढळतो. असा उल्लेख हातीं आला कीं, त्या प्रांतीं त्या काळीं सिंह राहत असत असें विधान करण्याचा मोह संशोधकास होतो. परंतु या उल्लेखांपैकीं कांहींत सिंह हा केवळ अलंकार असतो. कांहींत तो मुळीं सिंहच नसून वाघ असतो. आणि थोड्यांत मात्र खरा, रानांत वावरणारा सिंह असतो. ही निवड कशी करावी हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या कामीं केवळ शब्दज्ञान पुरत नाहीं. तो प्राणी कोणत्या भूमींत राहतो, काय खातो, कसा वागतो आणि बहुतेक हिंदुस्थानांतून तो नाहींसा कसा झाला, हें अगोदर ठाऊक असलें पाहिजे. शिवाय हा प्रश्न केवळ गतकालाचा नाहीं. आफ्रिकेबाहेर मोकळ्या रानांत राहणारा सिंह आज सौराष्ट्रांतच काय तो उरला आहे. त्यास दुसरीकडे वसवावें कीं नाहीं हा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि पूर्वीं तो कोठें होता हा त्या वादांतील पहिलाच प्रश्न आहे.

१. शब्दविचार

फार्सी भाषेंत ‘शेर’ म्हणजे सिंह आणि ‘बबर’ म्हणजे वाघ. हिंदुस्थानी बोलींत मात्र ‘शेर’ हा शब्द वाघाकडे गेला, आणि सिंहास ‘बबर शेर’ म्हणूं लागले. यामुळें मोगल अमदानींतील फार्सी ग्रंथांत ‘शेर’ आला म्हणजे तो कोणता, हें दरवेळीं प्रसंगावरून ठरवावें लागतें. आणि एखाद्या भाषांतरांत ‘वाघ’ किंवा ‘सिंह’ छापलेलें असलें तरी मूळ शब्द पाहिल्यावांचून त्यावर विसंबतां येत नाहीं. दरबारी चित्रकारांनीं काढलेलीं शिकारीचीं चित्रें येथें उपयोगी पडतात. कारण चित्रांत आयाळ किंवा पट्टे यांपैकीं एक कांहींतरी दिसतेंच.

मराठींतही ‘वाघ’ हा शब्द सैल आहे. ढाण्या वाघ व बिबळ्या वाघ हे दोन भिन्न प्राणी त्यांत सामावतात. उलट ‘सिंह’ हा शब्द आपल्याकडे पोथ्यापुराणांतून आलेला व पंडिती वळणाचा आहे. ज्यांच्या गोठ्यापर्यंत सिंह येत असे त्या सोरठांतील गुराख्यांनीं त्यास ‘सावज’ हें नांव दिलें आहे. संस्कृत ‘श्वापद’ शब्दापासून निघालेला हाच शब्द मराठींतही आहे. पण आपल्याकडे ‘सावज’ म्हणजे शिकाऱ्यानें टिपावयाचें जनावर. एकाच शब्दाचा एके ठिकाणीं शिकार करणारा व दुसऱ्या ठिकाणीं शिकार होणारा असा अर्थ झाला आहे. म्हणून काठेवाडांतून आलेल्या पत्रांत ‘सावज’ शब्द आढळल्यास त्याचा मराठी अर्थ घेऊन पुढें जाऊं नये, इतकें येथें सुचवितों.

२. सिंहाची भूमि

घनदाट अरण्याचा राजा अशी सिंहाची कल्पना रूढ आहे. ती बरोबर नाहीं. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल देशांत आकाश मोकळें असतें, वारा कोरडा असतो, आणि खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक इत्यादि वृक्ष असतात, असें तेथें वर्णन आहे. म्हणजे खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी. ‘जंगल’ हा शब्द या ‘जांगल’ शब्दापासून निघाला, परंतु त्याचा अर्थ पुढें उलटा होऊन दाट झाडी असा झाला. सिंह हा मूळच्या अर्थीं जांगल देशाचा प्राणी आहे. गीरचें रान पाहिलें तर तेथें सागाच्या जोडीस खैर, धावडा, सालई, बोर, बाभूळ व पळस हीच वनस्पति आढळते. मध्यें गवताचे मोकळे पट्टे आहेत. आणि हिरण, शिंगोडा, मच्छुंद्री, रावल, शेत्रुंजी या नद्यांच्या कांठीं तेवढी सावली दाट आहे. सिंहाच्या अंगाचा रंग वाळलेल्या गवताचा आहे, यावरूनही त्याचें घर ओळखतां येतें.

अशा भूमीस इंग्रजींत सॅव्हाना म्हणतात; आपण तीस वृक्षयुक्त गवताळ माळ म्हणूं. ही भूमि म्हणजे उजाड झालेलें अरण्य, असा समज पुष्कळांचा आहे, परंतु तिची घडण स्वतंत्र आहे. पावसाळ्यांत गवत वाढतें व पुढें आठ महिने वाळत राहतें. वाळल्या गवतास वणवा लागला म्हणजे कोवळीं रोपें जळतात, पण गवताच्या मुळ्या व जाड सालीचे वृक्ष वांचतात. चरणारीं जनावरें गवत खुडतात तेव्हां वणव्यास सरपण कमी मिळतें, आणि रोपांस डोकें वर काढण्यास अवसर सांपडतो. आफ्रिकेंतील टांझानिया देशांत सेरेंगेटी नांवाचा विस्तीर्ण माळ आहे, तेथें याचा पडताळा आला. तेथील नू जातीच्या हरिणवर्गीय प्राण्यांत बुळकांडीचा रोग वारंवार पसरत असे. इ. स. १९६० च्या सुमारास भोंवतालच्या गुरांस लस टोचल्यामुळें तो हटला, आणि नूंची संख्या सुमारें अडीच लाखांवरून पुढील पंधरा-सतरा वर्षांत १३ लाखांच्या आसपास गेली. इतक्या तोंडांनीं गवत खाल्ल्यानें वणवे कमी झाले व झाडें वाढूं लागलीं. यावरून गवत, वणवा, चरणारीं जनावरें व त्यांस खाणारे हिंस्र पशु हीं चारही एकमेकांस बांधलेलीं आहेत हें दिसून येईल. त्यांतील एकाचा इतिहास लिहितांना दुसऱ्यास वगळतां येत नाहीं.

आपल्या देशांत अशा माळांची गणना सरकारी दप्तरांत बहुधा पडीक जमिनींत झाली, व पडीक म्हटलें म्हणजे नांगराखालीं आणण्यास किंवा झाडें लावण्यास मोकळी असें ठरलें. जुनें वाङ्मय या समजास कसा शह देऊं शकतें याचें एक उदाहरण घरचेंच आहे. इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जुन्या मराठी वाङ्मयांतील वृक्षांचीं व स्थळांचीं वर्णनें तपासून, पश्चिम महाराष्ट्रांतील माळ निदान साडेसातशें वर्षांचे जुने आहेत, ते अलीकडील जंगलतोडीचें फल नव्हेत, असें दाखविण्यांत आलें आहे. पोथ्यांचा असाही उपयोग होतो.

३. स्वभाव व राहणी

मार्जारवर्गांत खऱ्या अर्थानें कळप करून राहणारा प्राणी सिंह हाच होय. कळपाचा गाभा माद्यांचा असतो. त्या बहुधा एकमेकींच्या नात्यांतल्या असतात, व छावे एकत्र वाढवितात. आफ्रिकेच्या माळावर एका कळपांत सामान्यतः चार ते सहा प्रौढ माद्या असतात, आणि नर त्यांच्यासमवेत राहतात. गीरमध्यें बहुधा दोनच माद्या एकत्र दिसतात, व नर दोघे-दोघे मिळून वेगळे हिंडतात. समागमाच्या वेळीं किंवा मोठी शिकार पडल्यास तेवढे ते माद्यांस मिळतात. याचें कारण मुख्यतः भक्ष्यांत आहे. तिकडे झेब्रा व नू यांसारखे मोठे प्राणी थव्यांनीं मिळतात, तर गीरमध्यें मुख्य भक्ष्य चितळ असून त्याचें वजन सुमारें ५० किलो भरतें. तेवढ्यांत मोठ्या कळपाचें पोट भरत नाहीं. चितळाखेरीज सांबर, नीलगाय व रानडुक्कर हेही तो खातो.

मादी सुमारें ११० दिवसांनीं वितें. बाहेरच्या नरांनीं जुन्या नरांस हुसकून लाविलें तर ते मागील छावे मारून टाकतात, म्हणजे मादी लवकर पुन्हां माजावर येते. गीरमधील माद्या शेजारच्या अनेक नरांशीं संग करितात, त्यामुळें छावे कोणाचे हें नरांस कळत नाहीं व ते वांचतात, असें इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसतें. शरीरानें गीरचा सिंह आफ्रिकेंतल्याहून थोडा लहान असतो. त्याची आयाळ विरळ असल्यानें कान उघडे दिसतात, आणि पोटाखालीं कातडीची एक लोंबती घडी असते. जुन्या चित्रांची परीक्षा करितांना या दोन खुणा ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत.

सिंह दिवसाचा बहुतेक वेळ सावलींत पडून काढतो, माणसास पाहून सहसा दडत नाहीं, आणि रात्रीं त्याची गर्जना कोसांवर ऐकूं जाते. वाघाची रीत याहून वेगळी. तो एकटा, झाडीच्या आडोशानें राहणारा. तेव्हां एखाद्या लेखांत जनावरें दोन-तीन मिळून उघड्या माळावर किंवा कांटेरी झुडपांत आढळलीं असें असेल तर तो सिंह असण्याचा संभव अधिक. नदीकांठच्या बेटांत किंवा डोंगराच्या दाट झाडींत एकटेंच सांपडलें असेल तर वाघ असण्याचा संभव अधिक. हा नियम निरपवाद नव्हे, पण जेथें शब्द फसवितो तेथें हाच पहिला आधार होय.

४. पुराव्याची प्रतवारी

आतां पुराव्यांकडे वळूं. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांवर वाघ, हत्ती, गेंडा व वृषभ आहेत. सिंह मात्र निःसंशय ओळखतां येत नाहीं. पुढें अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभशीर्षावर चार सिंह येतात. परंतु तें राजचिन्ह आहे, तेवढ्यावरून सारनाथच्या रानाबद्दल कांहींच सिद्ध होत नाहीं. सिंहलद्वीपाचें उदाहरण याहून स्पष्ट आहे. त्या द्वीपाच्या नांवांत सिंह आहे, ध्वजावर सिंह आहे, पण ऐतिहासिक काळांत तेथें रानटी सिंह नव्हता. आपल्या गडांच्या दरवाजांवरील शरभ व सिंह, किंवा सिंहगड हें नांव, यांची किंमत याच मापानें करावी. ती शौर्याची भाषा आहे, वनचरांची यादी नव्हे. महाराष्ट्रांत गांवोगांव वाघोबाचे दगड आहेत, कारण वाघाचें भय खरें होतें. जिवंत सिंहाच्या भयानें स्थापिलेलें तसें दैवत आमच्या पाहण्यांत नाहीं.

नाण्यांची साक्ष याहून वरच्या दर्जाची आहे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजा वाघास मारीत आहे, आणि त्याचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त याच्या नाण्यांवर तो सिंहास मारीत आहे. या चंद्रगुप्तानें पश्चिम क्षत्रपांस जिंकून गुजरात व सौराष्ट्र घेतलें. हा नवा छाप त्या विजयाशीं निगडित असावा असें कित्येक नाणकशास्त्रज्ञांचें मत आहे, आणि भूगोलाशीं तें जुळतें. तथापि एकट्या नाण्यावर हा निर्णय उभा करूं नये.

सर्वांत उत्तम साक्ष म्हणजे स्थळ, काळ व प्रत्यक्ष अनुभव सांगणारी नोंद. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो हा इ. स. १६१७ त जहांगीर बादशहाच्या लवाजम्याबरोबर मांडू येथें होता. आपल्या बिऱ्हाडाच्या आवारांत रात्रीं सिंह शिरत असे, व बादशहाच्या परवानगीवांचून त्यास मारण्याची मनाई असल्यानें ती मागावी लागली, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. या एका नोंदींत सिंहाचें स्थळही मिळतें, व सिंहाची शिकार हा बादशहाचा राखीव हक्क होता हेंही कळतें. मांडू नर्मदेच्या उत्तरेस आहे. उपलब्ध पुराव्यांत नर्मदा हीच सिंहाच्या वस्तीची दक्षिण मर्यादा मानिली जाते. पूर्वेस बिहारच्या बाजूस पलामूपर्यंत त्याचा माग लागतो, आणि पश्चिमेस सिंध, इराण, इराक यांतून ही वस्ती तुर्कस्थानापर्यंत पोंचत असे. दख्खनचे माळ सिंहास साजेसे असले तरी भूमि साजेशी असणें हा वस्तीचा पुरावा नव्हे. म्हणून नर्मदेच्या अलीकडे सिंह होता असें प्रतिपादन करणाऱ्यानें रो याच्या नोंदीच्या तोडीचा पुरावा पुढें मांडला पाहिजे.

५. संहार

वाघानें सिंहास हांकलून दिलें, अशी एक समजूत पूर्वीं प्रचलित होती. हीं दोन जनावरें हिंदुस्थानांत शतकानुशतकें आपापल्या रानांत राहत आलीं, हें पाहिलें म्हणजे ती टिकत नाहीं. सिंहाचा नाश मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत झाला व तो बंदुकीनें झाला. माळांवर वाढत गेलेल्या शेतीनें त्यास हातभार लाविला. उघड्यावर राहणें, एकत्र वावरणें, गर्जनेनें आपला पत्ता सांगणें, हे सिंहाचे जे विशेष तेच त्यास घातक ठरले. इ. स. १८५७ च्या सुमारास एका इंग्रज अंमलदारानें एकट्यानें ३०० सिंह मारले असें नमूद आहे. ही संख्या अतिशयोक्तीची मानली, तरी शिकारीचें प्रमाण केवढें होतें याची कल्पना त्यावरून येते. शतकाच्या अखेरीस काठेवाडाबाहेर सिंह उरला नाहीं. या सर्व नोंदी एकत्र करून नॉर्मन किन्निअर यांनीं इ. स. १९२० मध्यें मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत सिंहाच्या पूर्वीच्या व तत्कालीन वस्तीवर लेख लिहिला. या विषयाच्या अभ्यासकानें तो अवश्य पाहावा. इराणांतील शेवटचे सिंह इ. स. १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत संपले, आणि आशियाखंडांत गीर एवढेंच त्यांचें स्थान राहिलें.

६. रक्षण व मोजणी

गीरमध्यें सिंह वांचला याचें श्रेय प्रथम जुनागडच्या नबाबांकडे जातें. इ. स. १९०० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हा तिकडे गेला असतां सिंहाच्या शिकारीचा बेत त्यानें सोडून दिला, व रक्षणाच्या धोरणास पाठिंबा दिला. त्या काळीं केवळ बारा किंवा वीस सिंह उरले होते असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. हा आंकडा जपून घ्यावा. शिकारीचें निमंत्रण मागणाऱ्या बड्या पाहुण्यांस नकार देण्यासाठीं संस्थानानें तो मुद्दाम कमी सांगितला असावा, अशी शंका मागाहूनच्या जाणत्या निरीक्षकांनीं व्यक्त केली आहे. संख्या सांगणाऱ्याचा हेतु काय, हें पाहण्याची संवय दप्तरें वाचणारांस असतेच.

इ. स. १९३६ च्या मोजणींत २८७ सिंह सांगितले आहेत, इ. स. १९५० मध्यें पाउलखुणांवरून २१९ ते २२७ धरले, इ. स. १९६८ मध्यें १७७, इ. स. १९७४ मध्यें १८०. पुढें संख्या चढत गेली: इ. स. १९९० मध्यें २८४, २०१० मध्यें ४११, २०१५ मध्यें ५२३, २०२० मध्यें ६७४ व २०२५ मध्यें ८९१. मोजण्याच्या पद्धति वेळोवेळीं बदलल्या असल्यानें जवळजवळच्या आंकड्यांच्या फरकावरून अनुमान काढूं नये. परंतु गेल्या पन्नास वर्षांतील वाढ निःसंशय आहे.

ही वाढ कशी झाली? इ. स. १९६५ मध्यें गीर अभयारण्य झालें, आणि इ. स. १९७५ मध्यें त्याचा मधला भाग राष्ट्रीय उद्यान ठरला. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारें १४१२ चौरस किलोमीटर आहे. रानांत मालधारी गुराखी ‘नेस’ नांवाच्या कांटेरी कुंपणाच्या वाड्यांतून म्हशी बाळगून राहत. पॉल जॉस्लिन यांच्या इ. स. १९७० च्या सुमाराच्या अभ्यासांत सिंहाच्या आहाराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पाळीव गुरांचा आढळला. इ. स. १९७२ पासून अनेक मालधारी कुटुंबें रानाबाहेर वसविलीं, बाहेरच्या गुरांची चराई थांबविली, गवत वाढलें, चितळ वाढले, व सिंह पुन्हां रानांतील भक्ष्याकडे वळला. परंतु या कामाचा भार मालधाऱ्यांवर पडला, हें नमूद केलें पाहिजे. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या म्हशी गमावूनही सिंहास सहन केलें त्यांसच घर सोडावें लागलें, आणि माळावरील गुराख्यास शेतीच्या तुकड्यावर निर्वाह करणें सोपें गेलें नाहीं. आज निम्म्याहून अधिक सिंह संरक्षित रानाबाहेर, शेतें, गांवें व किनाऱ्याच्या झुडपांत राहतात. तेथें तो टिकतो तो गांवकऱ्यांच्या सहनशीलतेवर, आणि उघड्या विहिरींस कठडे बांधण्यासारख्या साध्या उपायांवर.

७. एकाच ठिकाणचा धोका

जो ग्रंथ एकाच प्रतीवर शिल्लक आहे त्याची काळजी कशी वाटते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. सिंहाची स्थिति तशीच आहे. इ. स. १९९४ मध्यें कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर नांवाचा रोग सेरेंगेटींत शिरला, व तेथील सुमारें ३००० सिंहांपैकीं एक-तृतीयांश मेले. इ. स. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्यें गीरच्या दलखाणिया भागांत वीसांहून अधिक सिंह दगावले, त्यांतही हाच रोग आढळला. लस आणून व सिंह वेगळे ठेवून त्या वेळीं तो आटोक्यांत आला. त्यांत गीरचे सर्व सिंह थोड्याच पूर्वजांचे वंशज असून रक्तानें एकमेकांच्या फार जवळचे आहेत.

दुसरें ठिकाण करण्याचे प्रयत्न झाले आहेत. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आफ्रिकेंतून सिंह आणून आपल्या संस्थानांत सोडले. ते गुरांवर व माणसांवर उठले, आणि तो प्रयोग फसला. इ. स. १९५७ मध्यें गीरचा एक नर व दोन माद्या काशीजवळच्या चंद्रप्रभा रानांत सोडल्या, इ. स. १९६५ पर्यंत त्यांचे ११ झाले, व नंतर ते सर्व नाहींसे झाले. पुढें मध्यप्रदेशांतील कुनो येथें सिंहांसाठीं २४ गांवें हलविलीं. सर्वोच्च न्यायालयानें ता. १५ एप्रिल २०१३ रोजीं सहा महिन्यांत सिंह तेथें नेण्याचा हुकूम केला. पण सिंह गेले नाहींत, आणि इ. स. २०२२ मध्यें तेथें आफ्रिकेंतील चित्ते आले. इकडे इ. स. २०२३ मध्यें एक नर आपण होऊन पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरांत पोंचला, व इ. स. २०२५ च्या मोजणींत तेथें १७ सिंह आढळले. ही गोष्ट शुभ आहे; परंतु बरडा सौराष्ट्रांतच आहे, व एकाच सांथीच्या टप्प्यांत दोन्ही ठिकाणें येऊं शकतात. दोन प्रती एकाच कपाटांत ठेवण्यासारखेंच हें आहे.

८. संग्राहकांस विनंति

गायकवाडांच्या अमरेली प्रांताचे धारी व कोडिनार हे महाल गीरला लागून होते, आणि शिंद्यांच्या मुलुखांत सिंहाचें जुनें रान होतें. त्या मुलुखांशीं संबंध आलेल्या घराण्यांचे मोडी कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं गुरांची नुकसानी, चराईचे करार, शिकारीचे परवाने, इनाम दिल्याच्या नोंदी व प्रवासाच्या हकीकती यांकडे या दृष्टीनें पाहावें. नोंद आढळल्यास मूळ शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा. ‘शेर’, ‘वाघ’, ‘सावज’ यांचें आपल्या मनानें भाषांतर करूं नये. स्थळ, मिति व भोंवतालचें रान यांविषयीं जें असेल तें सर्व द्यावें. गवताच्या कुरणाचा किंवा वणव्याचा उल्लेखही तितकाच मोलाचा मानावा. कारण रानावांचून सिंहाचा इतिहास अपुरा राहील. लढाया व तह यांच्या शोधांत असे कागद आजवर क्षुल्लक म्हणून बाजूस पडत आले. तसें न करितां ते प्रसिद्ध करावे, इतकीच विनंति करून हा लेख पुरा करितों.